काढलेल्या चपला

प्रयोगशाळेत शिरताना चष्मा बाहेर काढून ठेवावा लागे, त्यामुळे प्रल्हाद निखाडे यांना दारापासून खुर्चीपर्यंत हात धरून न्यावं लागलं. त्यांचा नंबर भलताच मोठा होता. चष्मा नसला की हातभर अंतरापलीकडचं त्यांना काही म्हणजे काही दिसत नसे. हातभर अंतराच्या आत मात्र नजर अशी तल्लख की कागदावर केसाएवढी रेघ ओढायला चष्मा लागतच नसे. उलट, चित्र काढायचं तर ते आधी चष्मा काढत. उभा जन्म त्यांनी अशीच व्यंगचित्रं काढली होती.

हात धरणारी बाई म्हणजे या दृष्टी-अनुकूलन प्रयोगशाळेची संचालक, डॉ. शाल्मली गावंडे. निखाड्यांच्या जुन्या संपादकांची ही मुलगी. लहानपणी वडिलांबरोबर कचेरीत येऊन निखाड्यांच्या टेबलाखाली बसायची आणि त्यांचे रंगीत खडू चाखून पाहायची. पुढे संपादक वारले, मित्र पांगले, बायको गेली. आता साऱ्या वैनानगरात निखाड्यांना 'काका' म्हणणारं माणूस ही एकच उरली होती. दर रविवारी सकाळी तिचा फोन येई आणि निखाड्यांचं आठवड्याचं बोलणं बहुतेक तेवढ्यातच आटपे.

आज मात्र ते आपणहून आले होते, आणि येताना पिशवीत एक सुकलेला गुच्छ घेऊन आले होते. तो त्यांनी टेबलावर ठेवला.

"नगराध्यक्षांनी पाठवला," ते म्हणाले. "माझ्या चित्राबद्दल. आता तू मला सांग शाल्मली, मी म्हातारा झालो की नगराध्यक्षाला वेड लागलं?"

प्रकार असा होता. वैनानगरात उन्हाळ्याची दुपार आता उघड्यावर काढण्यासारखी राहिली नव्हती. बारा वाजले की ज्याच्या घरी गारवा नाही तो जवळच्या शीतशाळेत जाई. तिथे अनवाणीच शिरायचं, कारण शीतफरशी तळपायांतून अंगातली उष्णता ओढून घेते. म्हणून प्रत्येक शीतशाळेच्या पायरीवर चपलांचा ढीग असे. आतली जागा भरली की काचेचं दार बंद होई. पण नियम असा होता की बाहेर कुणाचा जीव घाबरा झालेला दिसला, तर द्वारपालाने दाटीवाटी करून का होईना, दार उघडलंच पाहिजे. दिसलं तर, हा त्यातला महत्त्वाचा शब्द. गेल्या वैशाखात टेकडीवरच्या शीतशाळेचं दार दुपारभर उघडलंच नाही आणि पायरीवर सतरा माणसं मेली. त्यांतल्या एक सुलभाबाई निखाडे.

द्वारपाल सुखदेव डाखोरे याला पकडलं. त्याचं एकच पालुपद होतं: बाहेर सगळे मजेत बसले होते, कुणाला काही होत नव्हतं. इतकं निर्लज्ज खोटं कुणी ऐकलं नव्हतं. नगराध्यक्षांनी हात झटकले आणि शीतशाळा वाढवायच्या ऐवजी डाखोऱ्यावर खटला भरला. निकाल तोंडावर आला होता.

निखाड्यांनी आधी डाखोऱ्यावर चित्र काढलं. काचेच्या दाराआड घोरत पडलेला कुंभकर्ण. मग डोकं जरा निवल्यावर त्यांना वाटलं, एका द्वारपालाच्या झोपेवर अख्खं शहर कसं काय चालतं? म्हणून त्यांनी दुसरं काढलं. बंद दाराआड बर्फाच्या लादीवर नगराध्यक्ष पहुडले आहेत आणि दाराबाहेर रांगेच्या नुसत्या सावल्या आहेत. माणसं नाहीत, सावल्याच. आता शिव्या येतील, नोटीस येईल, या तयारीत ते बसले होते. आला तो गुच्छ.

शाल्मलीने गुच्छ बाजूला सरकवला. मग तिने एक कागद छापून त्यांच्या नाकाजवळ धरला. चित्र त्यांचंच होतं. रेघ त्यांची, सही त्यांची. फक्त त्यात नगराध्यक्ष बर्फाची लादी खांद्यावर घेऊन घाम गाळत रांगेकडे चालले होते आणि रांगेतली माणसं त्यांना हात जोडत होती.

"हे नगराध्यक्षांना दिसलं," ती म्हणाली. "त्यांच्या पक्षाच्या लोकांनाही साधारण असंच. विरोधकांना लादीवर मागचे नगराध्यक्ष दिसले. ज्यांना राजकारणच नको असतं त्यांना लादीवर कुल्फीवाला दिसला. बरेच जण हसले."

"आणि माझं चित्र कुणाला दिसलं?"

"तुम्हाला."

नेत्रपट ही काय चीज आहे हे वैनानगरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणाच्याच लक्षात नव्हतं. चष्म्याच्या काचेवर चढवलेला तो एक पारदर्शक थर. उन्हाची तिरीप अडवायला म्हणून आला, मग त्यावरच फोन आला, वर्तमानपत्र आलं, आणि शेवटी भावना-रक्षणाचा कायदा आला. शाल्मलीने ते निखाड्यांना सोपं करून सांगितलं. एखादी गोष्ट डोळ्यांवर पडते आणि ती पडली असं माणसाला कळतं, यांच्यामध्ये थोडा वेळ जातो. पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी. पण तेवढ्यात बुबुळ आकसतं, पापणीखालची शीर उडते. नेत्रपट ते वाचतो आणि त्यावरून या माणसाला हे दृश्य किती दुखेल याचा आकडा काढतो. हा दुखावांक मर्यादेपलीकडे गेला, तर माणसाला कळायच्या आत दृश्य बदलतं. झाकत नाही, बदलतं. झाकलं तर माणूस विचारील, काय झाकलं म्हणून.

"म्हणून मला इतकी वर्षं कुणी शिव्या दिल्या नाहीत," निखाडे म्हणाले.

पूर्वी त्यांना भरपूर शिव्या येत. एकदा कुणीतरी दारावर शेण फासलं होतं. सुलभाबाईंनी बादली आणून ते धुतलं आणि आत येऊन म्हणाल्या, आज लागलं वाटतं. चित्र चांगलं जमलं होतं की नाही हे निखाड्यांना संपादकापेक्षा त्या बादलीवरून जास्त कळे. पुढे शेण थांबलं, फोन थांबले, आणि आवडीचे आकडे मात्र लाखांत गेले. शहर सुधारलं, असा त्यांनी अर्थ लावला होता. आता कळत होतं की शहर त्यांच्याशी बोलतच नव्हतं आणि तेही शहराशी बोलत नव्हते. भर गर्दीत हा माणूस आपल्याशीच पुटपुटत उभा होता.

"एक चित्र मात्र कुणासाठीच बदलावं लागलं नाही," शाल्मली म्हणाली. "तो तुमचा कुंभकर्ण. साऱ्या गावाने जसाच्या तसा पाहिला. डाखोऱ्याच्या घरचे सोडून."

निखाड्यांनी मान खाली घातली. गरिबाला रेघोटी मारली की ती कुणाला दुखत नाही, हे कळायला त्यांना यंत्र लागावं, याचीच त्यांना लाज वाटली.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, हे सगळं चित्रांवरच चालतं ना? खऱ्या माणसांवर तर नाही? शाल्मली घाईघाईने म्हणाली, कायद्याने तशी परवानगीच नाही. मग तिने चहा मागवला.

चहा घेता घेता तिने विचारलं ते मात्र मनापासून होतं. माझ्याकडे दुखावांक मोजायचं यंत्र आहे, ती म्हणाली, पण कुठलं चित्र नुसतं दुखवतं आणि कुठलं लागतं, यातला फरक या यंत्राला सांगता येत नाही. तो फरक काय असतो?

निखाड्यांना असा प्रश्न कुणी कित्येक वर्षांत विचारला नव्हता. ते हळूहळू बोलू लागले.

"मेलेल्यांवर चित्र काढायचं तर मेलेला माणूस काढायचा नाही. प्रेत दिसलं की बघणारा तोंड फिरवतो, मग तुझा नेत्रपट असो की नसो. दोषी माणूस काढायचा, तर तो ओळखू आला की त्याची माणसं एका बाजूला, बाकीचे दुसऱ्या बाजूला, आणि मेलेले राहतात मध्येच. खरं चित्र तेच, ज्यात मुख्य गोष्ट आपण काढलेलीच नसते. ती बघणारा घरी जाऊन काढतो. आपल्या हाताने काढलेलं चित्र कुणाला खोडता येत नाही, पोरी."

"म्हणजे लेकी बोले सुने लागे," शाल्मली म्हणाली.

"बरोबर. पण त्यात एक मेख आहे. सुनेला ऐकू गेलं हे शेजारणीलाही कळलं पाहिजे. नाही तर सून म्हणते, मी कुठे ऐकलं? सगळ्यांनी पाहिलं, आणि सगळ्यांनी पाहिलं हे सगळ्यांना ठाऊक आहे, असं झालं तरच चित्र लागतं. तुझ्या यंत्राने माझी रेघ नाही मोडली. त्याने शेजारीण काढून घेतली."

शाल्मलीने कप खाली ठेवला. मग जे बोलायला नको होतं ते ती बोलली. तिचं यंत्र पहिल्या नजरेवर चालत होतं. पापणी लवायच्या आत जे दुखलं तेवढंच त्याला कळत होतं. नंतर विचार करून जे दुखतं, त्याचा त्याला पत्ता नव्हता.

निखाडे उठले. चाचपडत दाराकडे निघाले, तेव्हा तिने पुन्हा त्यांचा हात धरला.

घरी येऊन ते तीन-चार दिवस नुसते बसून राहिले. ऊन तापू लागलं होतं. शेजारच्या बेबीताई ढोक डबा आणून देत आणि काही न विचारता जात. सुलभाबाई गेल्यापासून त्यांचा हा नेम होता. त्याची सुरुवात एका प्रसंगाने झाली होती. दवाखान्यातून निखाड्यांना बायकोच्या वस्तूंची पिशवी मिळाली, त्यात तिच्या चपला होत्या. घरात न्यायचा धीर होईना, म्हणून डोळे पुसायला काढलेला चष्मा हातातच धरून त्यांनी त्या पायरीच्या कोपऱ्यात, ती ठेवायची तशाच ठेवल्या. दुसऱ्या दिवशी पाहतात तो चपला नाहीत. मेलेल्या बाईच्या चपलाही लोक सोडत नाहीत, म्हणून ते फार चिडले आणि बेबीताईंना त्यांनी विचारलं, कुणी नेल्या पाहिलंत का? बेबीताईंनी एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "मले नाही माहीत, भाऊजी." त्या दुपारपासून डबा सुरू झाला.

चपलांची ती आठवण आली आणि निखाड्यांनी चष्मा काढून कागद पुढे ओढला.

त्यांनी एक पायरी काढली. एक बंद दार काढलं, त्याला आतून कडी. पायरीवर चपला काढल्या. बायकांच्या, पुरुषांच्या, एक लहान मुलाचा जोड, एकीचा अंगठा तुटून पिन लावलेली. बस्स. ना माणूस, ना सावली, ना नगराध्यक्ष. पहिल्या नजरेला वाटावं, कुणाच्या घरी हळदीकुंकू आहे. दारात चपला म्हणजे घरात माणसं, हे मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. पण दुसऱ्या नजरेला दिसे की सगळ्या चपलांची तोंडं दाराकडे आहेत, आणि दाराची कडी आतून लागलेली आहे. आत जायला म्हणून काढलेल्या चपला. माणसं मात्र आत गेलेली नाहीत. मग ती गेली कुठे, एवढं बघणाऱ्याने स्वतः काढायचं होतं.

चित्र घेऊन ते प्रयोगशाळेत गेले. शाल्मलीने ते परीक्षेला बसलेल्या लोकांना नेत्रपटातून दाखवलं. दुखावांक शून्याच्या आसपास. काहींनी तर विचारलं, कुणाचं लग्न आहे का? बाहेर पडताना मात्र एक जण जिन्यात थबकला आणि बराच वेळ कठड्याला धरून उभा राहिला. निखाड्यांना जे हवं होतं ते हेच. मग शाल्मलीने मूळ कागद उघड्या डोळ्यांनी पाहिला. फार वेळ पाहिला. "ठीक आहे," एवढंच म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिला चित्र फिकं वाटलं असावं, असं निखाड्यांना वाटलं आणि मनातून थोडं लागलंही.

रविवारी सकाळी चित्र 'वैनावार्ता'त आलं.

निखाडे खाली चौकात दूध आणायला गेले, तेव्हा ठेल्यावर चार माणसं चहाचे पेले हातात घेऊन गप्प उभी होती. त्यांतला एक दुसऱ्याला म्हणाला, "पाह्यलं काय बे, चपलायचं?" दुसऱ्याने नुसती मान हलवली. रिक्षावाला, भाजीवाली, रस्ता झाडणारी बाई, सगळ्यांच्या बोलण्यात तेच. कुणी मोठ्याने बोलत नव्हतं. कडी आतून होती म्हणे, एवढंच एक वाक्य या तोंडातून त्या तोंडात जात होतं. आणि पुढचा प्रश्नही कुणीतरी विचारलाच: दाराशी एक माणूस होता हे खरं, पण जागा कमी ठेवली कुणी? इतक्या वर्षांनी सारं गाव एकच चित्र पाहत होतं. निखाड्यांना वाटलं, घरी जाऊन सुलभाला सांगावं.

घरी कुणी नव्हतं. तेव्हा त्यांनी खुर्चीत बसून नेत्रपटावर वर्तमानपत्र उघडलं. छापून आलेलं आपलं चित्र पाहायची त्यांना सवय नव्हती, त्यात चुकाच दिसतात. आज पाहावंसं वाटलं.

पायरी होती. दार होतं. कडी होती. पायरीवर काही नव्हतं.

त्यांचं डोकंच फिरलं. 'वैनावार्ता'चे आताचे संपादक देवतळे यांना फोन लावून ते वाट्टेल ते बोलले. देवतळे बिचारे गोंधळून म्हणाले की चपला आहेत हो, गावभर चपलांचंच चाललंय. मग निखाडे थंड झाले आणि विचार करू लागले. टेकडीवर ज्यांची माणसं गेली त्यांच्यातल्या काही घरांशी त्यांची ओळख झाली होती. त्यांनी एकेकाला फोन केला. एका आईने सांगितलं, चांगलं आहे चित्र, पण नुसती पायरी काहून काढली? एका म्हाताऱ्यानेही तेच सांगितलं. ज्याला विचारावं त्याला पायरी रिकामी.

म्हणजे यंत्र बरोबरच चाललं होतं. ज्यांना त्या चपला पहिल्या नजरेतच दुखतात, ज्यांना दुसऱ्या नजरेची गरजच नाही, त्यांच्यासाठी यंत्राने दयाळूपणे चपला उचलून ठेवल्या होत्या. साऱ्या गावाला दिसलेलं दुःख, ज्यांचं होतं त्यांनाच तेवढं दिसत नव्हतं. निखाडे खुर्चीत बसून राहिले. सुलभाबाई गेल्या त्या दिवशीही त्यांना इतकं एकटं वाटलं नव्हतं.

तेवढ्यात फोन आला. रविवारचा, शाल्मलीचा.

"काका, तुम्ही चपला का काढल्या?" फोन लागताच तिने विचारलं. आवाज दुखावलेला होता.

निखाड्यांना वाटलं, आता हीसुद्धा अर्थ विचारते आहे. "चपला काढल्या नसत्या तर चित्रात उरलं काय असतं?" ते म्हणाले.

"तेच म्हणते मी. आता काय उरलंय? नुसती पायरी. माझ्याकडे आणलंत तेव्हा होत्या ना. इतकं चांगलं चित्र होतं. कुणी घाबरवलं का तुम्हाला? कुणाच्या सांगण्यावरून काढल्या?"

काढल्या. साधा शब्द. आयुष्यभर चित्रं काढून, चष्मा काढून, चपला काढून घासलेला शब्द. आज पहिल्यांदा त्याची दुसरी बाजू निखाड्यांसमोर आली. पायरी रिकामी दिसते ती टेकडीवर माणूस गमावलेल्यांना. शाल्मलीचं टेकडीवर कुणी गेलेलं नव्हतं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण आपल्या टेबलाखाली खडू खाणाऱ्या पोरीला चोर म्हणायला त्यांची जीभ उचलेना.

"शाल्मली," ते म्हणाले, "चष्मा लावून बोलते आहेस ना?"

पलीकडे शांतता पसरली. जगभराचे दुखावांक मोजणाऱ्या बाईला आपल्या नाकावरच्या काचेचा विसर पडला होता. दिव्याखाली अंधार असतोच. निखाड्यांना प्रयोगशाळेतलं एक वाक्य आठवलं. परवानगी नाही, असं ती म्हणाली होती. होत नाही, असं म्हणाली नव्हती.

ते उठले, दार उघडून बाहेर आले. चष्म्यातून पायरीचा कोपरा पाहिला. रिकामा, वर्षभर होता तसा. मग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. कोपरा धुक्यात गेला. ते गुडघ्यांवर बसले, दोन्ही हात टेकले आणि चेहरा फरशीजवळ नेला.

चपला होत्या. तोंडं घराकडे. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला पिन. वर्षभर उघड्यावर असून त्यांच्यावर धूळ नव्हती. बेबीताई डबा द्यायला येत तेव्हा पुसत असणार. निखाड्यांनी त्या छातीशी धरल्या आणि ते रडले. फोन चालूच होता.

बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "सुलभाच्या चपला सापडल्या. दारातच होत्या."

पलीकडून हुंदका आला. मग ती बोलू लागली, आणि यंत्राबद्दल बोलावं तसं नीट, क्रमाने बोलली. काचेला चित्र आणि दार यांतला फरक कळत नाही. डोळ्यांवर पडतं ते तिच्या लेखी सगळं चित्रच. हे तिला फार उशिरा समजलं. डाखोऱ्याच्या काचेत त्या दुपारचं सगळं साठवलेलं होतं. जे घडत होतं तेही, आणि त्याला जे दिसलं तेही. तपासासाठी ते तिच्याकडे आलं, तिने एकटीने पाहिलं, आणि वर कळवलं की काही सापडलं नाही. सांगितलं असतं तर साऱ्या शहराच्या काचा उतरवाव्या लागल्या असत्या. तिचं आयुष्यभराचं काम त्या काचांवर होतं.

"त्याला काय दिसलं होतं?" निखाड्यांनी विचारलं.

"सगळे सावलीत बसले होते. गप्पा मारत होते. एक बाई त्याच्याकडे पाहून हसत होती." ती थांबली. "तो मायाळू माणूस आहे, काका. त्याचा दुखावांक फार वर गेला होता. दगडाच्या काळजाचा असता तर त्याला सगळं दिसलं असतं. त्याने दार उघडलं असतं."

हसणारी बाई कोण, हे निखाड्यांनी विचारलं नाही. विचारायचा धीर झाला नाही. ज्याला त्यांनी कुंभकर्ण काढलं, तो त्या दुपारी टक्क जागा होता आणि खरं तेच सांगत होता.

"कोर्टात सांगशील?"

"चष्मा काढून जावं लागेल," ती म्हणाली. "लावून गेले तर डाखोऱ्याची बायको समोर बसलेली मला दिसायचीच नाही."

"काढून ये. मी हात धरून नेईन."

ती येते म्हणाली. येईल की नाही, हे निखाड्यांना सांगता आलं नसतं. पण तिच्या रविवारच्या फोनांमधला हा शेवटचा, एवढं त्यांना कळलं. चित्र लागलं होतं. फक्त शेण धुऊन आत येऊन ते सांगणारं माणूस नव्हतं.

त्यांनी सुलभाबाईंच्या चपला पुन्हा कोपऱ्यात ठेवल्या. चष्मा घडी करून त्यांच्याशेजारी ठेवला. मग भिंतीला हात लावत ते बेबीताईंच्या दाराशी गेले आणि कडी वाजवली.

बेबीताईंनी दार उघडलं. "काय झालं, भाऊजी? चष्मा कुठी गेला?"

"काढला," निखाडे म्हणाले. "डाखोऱ्याच्या घरी जायचं आहे. जरा हात द्या."

बेबीताईंनी पदराला हात पुसला आणि पुढे केला.